कॉफीची वही, आपल्याच सर्व्हरवर

या भागाचा ऑडिओ ऐकला नसेल तरी चालेल, खाली सगळं लिहिलेलं आहे. बोलताना आकडे पटकन कानावरून जातात, म्हणून इथे ते नीट मांडलेत आणि मध्ये मध्ये थोडी भरही घातली आहे.

सुरुवात एका साध्या हिशोबाने करू. चांगल्या कॉफी बीन्सची २५० ग्रॅमची पिशवी समजा ६०० रुपयांना आणली. एका कपाला १५ ग्रॅम धरले तर पिशवीत साधारण १६ कप होतात. नवीन पिशवी उघडली की ग्राइंडर किती बारीक ठेवायचा, पाणी किती, वेळ किती, हे जुळेपर्यंत तीन-चार कप जातात. म्हणजे पिशवीचा पाव भाग, दीडशे रुपये, फक्त हात बसण्यात. बरं, एवढं करून जमलेली रेसिपी कुठेच लिहिली नाही, तर दोन महिन्यांनी तीच पिशवी परत मागवल्यावर पुन्हा तेच तीन-चार कप.

म्हणून लोक लिहून ठेवतात. कुणी डायरीत, कुणी नोट्स ॲपमध्ये, कुणी स्वतःलाच व्हॉट्सॲप मेसेज करून. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मी त्याचं ॲप केलं. ते नाशिकला घरी एका जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि मी व माझा एक मित्र, आम्ही दोघं ते वापरतो. यालाच सेल्फ-होस्टेड म्हणतात: ॲप वापरायचं फोनवरून, पण त्याचा सर्व्हर आणि सगळा डेटा आपल्या ताब्यातल्या मशीनवर. कोड कसा लिहिला हे सांगत बसणार नाही, ते कंटाळवाणं आहे. अशा वहीत कोणते रकाने ठेवायचे आणि ती कुठे ठेवायची, या दोनच प्रश्नांवर आजचा भाग आहे. दोन्ही प्रश्न दिसतात त्यापेक्षा अवघड आहेत.

पिशवीवर एवढं काय लिहिलेलं असतं?

आजकाल पिशवीवर मळ्याचं नाव असतं, वाण असतो, उंची असते, वॉश्ड की नॅचरल ते असतं, भाजल्याची तारीख असते. आपल्याला वाटतं की हे सगळं पहिल्यापासूनच असं असणार. तसं नव्हतं.

१९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे कॉफीच्या विक्रीचं काम आलं आणि पुढे कित्येक दशकं पूल पद्धत चालली. शेतकऱ्याने आपली कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायची, प्रतवारीनुसार ती एकत्र व्हायची आणि मग तिचा लिलाव व्हायचा. पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. या व्यवस्थेत एका विशिष्ट मळ्याची कॉफी म्हणून तिची ओळख ग्राहकापर्यंत पोचणं जवळपास अशक्य होतं, कारण ती शेजारच्या दहा मळ्यांच्या कॉफीत मिसळलेली असायची. १९९० च्या दशकात उदारीकरणानंतर हे टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ पर्यंत शेतकऱ्याला आपली सगळी कॉफी स्वतः विकायची मोकळीक मिळाली. त्यानंतरच 'या मळ्याची, या प्लॉटची' असं नाव पिशवीवर येण्याची वाट खुली झाली.

मला हा इतिहास वाचताना एका डेटाबेसच्या टेबलाची आठवण झाली, ज्यातला एक कॉलम कुणीतरी काढून टाकलाय. माहिती होती, मळ्यात होती, शेतकऱ्याला ठाऊकही होती. पुढे न्यायला जागा नव्हती.

तर ॲपमध्ये पहिला भाग बीनचा. मळा, वाण, प्रक्रिया, रोस्टर. वाणांची नावं आपल्याकडे मजेशीर असतात: सिलेक्शन ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी. यातल्या बऱ्याच वाणांचं काम कर्नाटकात चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात झालं. हे केंद्र १९२५ पासून आहे. ही नावं जशी पिशवीवर असतात तशीच लिहावीत, स्वतःची लघुरूपं करू नयेत. 'एसएलएन ९' आणि 'सिलेक्शन ९' ही एकच गोष्ट आहे, हे सहा महिन्यांनी शोधताना कॉम्प्युटरला कळत नाही.

ठिकाणासाठी मी ड्रॉपडाउन मुद्दाम दिला नाही. मोह होतो: कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, झालं. मग आंध्रातलं अरकू येतं, ओडिशातलं कोरापुट येतं. आणि आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला. किती जणांना माहीत होतं? तयार यादी देणारा माणूस नकळत ठरवून टाकतो की यादीबाहेर काही नाहीच.

दुसरा भाग पिशवीचा, आणि इथे बरीच ॲप गोंधळ घालतात. बीन वेगळी आणि पिशवी वेगळी. एकाच मळ्याची, एकाच रोस्टरची कॉफी तुम्ही मार्चमध्ये आणलीत आणि परत ऑगस्टमध्ये आणलीत, तर नाव तेच, पण भाजल्याची तारीख वेगळी, कदाचित पीकही वेगळ्या हंगामाचं. दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या तर मार्चमधला झकास कप आणि ऑगस्टमधला शिळा कप यांची सरासरी निघते, आणि त्या सरासरीचा कुणालाच उपयोग नाही. किराणा दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. 'तोच तांदूळ, पण हा नवीन कट्टा' असं तो सांगतोच ना?

तिसरा भाग ब्रू. म्हणजे प्रत्यक्ष केलेला एक कप. कॉफी किती ग्रॅम, पाणी किती, ग्राइंडर कितव्या क्लिकवर, तापमान, लागलेला वेळ, आणि चव कशी लागली.

यात एक नियम मी काटेकोरपणे पाळलाय: जे मोजलं तेच साठवायचं, बाकीचं काढायचं. कॉफी १५ ग्रॅम आणि पाणी २४० असेल तर प्रमाण १ ला १६, हे ॲपने स्वतः काढावं. भाजून किती दिवस झाले, तेही तारखांवरून निघतं. पिशवीत किती उरली, तेही २५० मधून आतापर्यंतचे डोस वजा केले की कळतं. हे सगळं वेगवेगळं साठवलं की कधीतरी एक आकडा बदलतो, दुसरा तसाच राहतो आणि वही स्वतःशीच भांडायला लागते.

आंबट, कडू आणि उकळी

ज्यांना कॉफीचं विज्ञान माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात.

दळलेल्या कॉफीतला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा काढायचा नसतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी कॉफी किती कडक हवी आणि किती उतरायला हवी याचा एक तक्ता मांडला. त्यातून आलेला १८ ते २२ टक्क्यांचा पट्टा आजही सगळे वापरतात. कमी उतरली तर कप आंबट आणि पाणचट लागतो. जास्त उतरली तर कडू आणि तुरट. जाड दळलं, पाणी कोमट असलं, वेळ कमी दिला, की कमी उतरते. उलट केलं की जास्त. म्हणून कप आंबट लागला तर एक-दोन क्लिक बारीक करा, कडू लागला तर जाड करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ग्राइंड, तापमान आणि पाणी तिन्ही बदललं आणि कप छान झाला, तर अभिनंदन, पण कशामुळे झाला ते देव जाणे.

तापमानाबद्दल नाशिककरांसाठी एक गंमत. परदेशी व्हिडिओत 'पाणी उकळल्या उकळल्या ओता' असं सांगतात तेव्हा त्यांच्या मनात १०० अंश असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरला उकळबिंदू अंदाजे एक अंशाने उतरतो, म्हणजे आपली उकळी ९८ लाच येते. किटलीतून ओतेपर्यंत आणखी दोन-तीन अंश जातात. त्यामुळे हलकी भाजलेली कॉफी असेल तर थर्मामीटर नसला तरी बिनधास्त उकळीवरून ओता, जळत बिळत नाही. चिखलदरा तर ११०० मीटरच्या आसपास आहे. तिथे पिकलेली कॉफी तिथेच प्यायची म्हटलं तर उकळी ९६ च्या जवळ.

द्राक्षांनी शिकवलेला रकाना

आता मुद्द्याचं. नोंदवहीत काय नसतं, यावर बोलू.

माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझं ॲप बघून ते हसले होते, "काय रे, कॉफीचीपण वही?" पण वही या विषयात त्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा मोठं आहे. निर्यातीच्या बागेत कोणत्या तारखेला कोणती फवारणी, किती प्रमाणात, काढणीला किती दिवस उरले असताना, सगळं लिहावं लागतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केलं. त्यात प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, रसायनांचे अवशेष तपासणाऱ्या लॅबचे अहवाल त्याला जोडले जातात आणि पेटीवरून मागे मागे जात थेट बागेपर्यंत पोचता येतं. भारतात फळांसाठी इतक्या नीट पद्धतीने हे पहिल्यांदाच झालं.

आणि तरीही २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपले शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची शाखीय वाढ आवरायला ते वापरलं जायचं. भारतात तपासणी झाली नव्हती असं नाही. लॅबचे अहवाल व्यवस्थित होते, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. नाशिकच्या कितीतरी बागायतदारांना त्या वर्षी जबरदस्त फटका बसला. पुढच्या हंगामात ते नाव यादीत आलं, पण तो हंगाम गेला तो गेला.

मी तेव्हा शाळेत होतो, मला यातलं काही कळत नव्हतं. नंतर मामांकडून ऐकलं तेव्हा इंजिनिअर म्हणून एक गोष्ट डोक्यात बसली. यंत्रणा कितीही चोख असो, तिला विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरं ती देते. रकाना नसलेली गोष्ट अहवालात शून्य म्हणूनसुद्धा दिसत नाही. ती दिसतच नाही.

म्हणून ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून एक मोकळा रकाना ठेवला. नाव 'इतर'. काहीही लिहा, मराठीत, इंग्रजीत, शिवी घालून. त्यावर साधा शब्दशोध ठेवला, बस्स.

त्याचा उपयोग व्हायला जास्त वाट पाहावी लागली नाही. मी आणि मित्र पिशवी अर्धी अर्धी वाटून घेतो. तो पाथर्डी फाट्याकडे राहतो, मी गंगापूर रोडला. पिशवी तीच, ग्राइंडर एकाच मॉडेलचे, रेसिपी अक्षरशः कॉपी केलेली. माझ्याकडचे कप 'छान'मध्ये, त्याच्याकडचे 'सपक'. एकदा नाही, लागोपाठ तीन पिशव्यांना. तो म्हणायला लागला, "अरे, तुला आवड नाहीये, तुला सगळंच छान लागतं." शक्यता होती. मग एका रविवारी त्याच्या सगळ्या नोंदी चाळल्या. ग्राइंड, वेळ, तापमान, कशातच फरक नाही. 'इतर'मध्ये मात्र चार-पाच ठिकाणी एकच शब्द: 'बोअर'. पिण्याचा जार संपला की तो सोसायटीच्या बोअरचं पाणी उकळून कॉफीला वापरायचा, आणि सवयीने तसं लिहूनही ठेवायचा.

तीन-साडेतीनशे रुपयांचा पेनसारखा टीडीएस मीटर आणला. माझ्या घरचं आरओचं पाणी ३५ पीपीएम. त्याच्या बोअरचं ६४०. कॉफीसाठी साधारणपणे १५०च्या आसपासचं पाणी चांगलं मानतात आणि ७५ ते २५० चालून जातं. म्हणजे बघा, दोघंही रांगेच्या बाहेर, विरुद्ध टोकांना!

कारण असं आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीतली चव बाहेर काढायला मदत करतं. ते अगदीच नसलं, जसं आरओच्या पाण्यात, तर कप पातळ आणि जरा टोचरा लागतो. उलट आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लाला मारून टाकतं. आंबटपणा गेला, पण त्याबरोबर फळासारखा ताजेपणाही गेला. उरतं ते सपक. मित्राचा शब्द अगदी बरोबर होता.

मग प्रयोग केला. माझं पाणी चार भाग, त्याचं एक भाग. हिशोब सोपा: ३५ चौकं १४०, त्यात ६४०, झाले ७८०, भागिले ५, म्हणजे १५६. तीन पाण्यांत तीन कप केले, मित्राच्या आईला सांगितलं की काकू, कपांवर खुणा तुम्हीच करा आणि आम्हाला काही सांगू नका. आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहून ठेवलं. दोघांनीही मिसळलेल्या पाण्याचा कप वरचा ठरवला. काकूंनी चव घेऊन सांगितलं, "तिन्ही कडूच आहेत, चहा टाकू का?"

एका दिवसाच्या तीन कपांवरून मी विज्ञान सिद्ध केलं असं म्हणणार नाही. पण त्यानंतर ॲपमध्ये पाण्याचा रकाना आला आणि गेल्या आठ महिन्यांत त्याच्याकडे 'सपक' फक्त दोनदा पडलंय.

इथे दोन सूचना, कारण ऑडिओनंतर यावरच सगळ्यात जास्त मेसेज आले. एक, पेनवाला मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज विजेच्या वहनावरून देतो. कोणते क्षार, पाणी पिण्याजोगं आहे की नाही, त्यात नायट्रेट किंवा जंतू आहेत का, हे तो सांगत नाही. बोअरचं पाणी पोटात जाणार असेल तर आधी लॅबमध्ये तपासून घ्या. मित्राने तसं करून घेतलं होतं. दोन, तोच मीटर तयार कॉफीत बुडवू नका. कॉफीचा टीडीएस म्हणजे वेगळी भानगड. तो सव्वा टक्क्याच्या आसपास असतो आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. नाव एकच, त्यामुळे सगळे गोंधळतात.

तयार ॲप असताना हा उपद्व्याप कशाला?

रास्त प्रश्न. तुम्ही एकटे असाल आणि फोनवरच सगळं हवं असेल, तर बीनकॉन्करर नावाचं ओपन सोर्स ॲप आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं आणि त्यात माझ्या ॲपपेक्षा दसपट सोयी आहेत. आधी तेच वापरून बघा. बहुतेकांना पुढे जायची गरज पडणार नाही.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. दोन फोनवरून एकाच पिशवीत नोंदी करता याव्यात. आणि ती वही दहा वर्षांनीही माझ्याकडे असावी.

दुसऱ्या गोष्टीबद्दल पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना जास्त सांगायला नको. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिला पॉडकास्ट तिथेच ऐकला होता. सबस्क्रिप्शनची यादी ओपीएमएल फाइलमध्ये बाहेर काढता येत होती, कारण पॉडकास्टची दुनिया खुल्या आरएसएसवर उभी आहे. त्याच्याआधी २०१३ मध्ये गूगल रीडर गेलं. एवढी मोठी कंपनी, लाखो वापरणारे, तरी गेलं. मग दोन जणांनी हौसेने चालवलेल्या एखाद्या छोट्या कॉफी ॲपची हमी कोण देणार? त्यांना दोष नाही. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं आणि हौस दर महिन्याला टिकत नाही.

लॅपटॉप, वीज आणि तो आयपी अ‍ॅड्रेस

सर्व्हर म्हटलं की लोकांना एसी खोली आणि लुकलुकणारे दिवे आठवतात. माझा सर्व्हर म्हणजे कॉलेजातला लॅपटॉप. स्क्रीनला तडा गेलाय, दोन कीज चालत नाहीत, पण सर्व्हरला स्क्रीन लागतेच कुठे? नुसता चालू असताना १०-१२ वॉट खातो, महिन्याला आठ-नऊ युनिट. रास्पबेरी पाय याहून कमी खातो, पण लॅपटॉपला एक मोठा फायदा आहे: बॅटरी. आमच्या भागात शनिवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा जुन्या बॅटरीचा तासभरसुद्धा पुरेसा असतो. पायवर करायचं असेल तर डेटा मेमरी कार्डवर ठेवू नका, छोटी एसएसडी लावा. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्ड दगा देतं.

डेटाबेस एसक्यूलाइट. वेगळा डेटाबेस सर्व्हर वगैरे काही नाही, सगळी वही एका फाइलमध्ये. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्ता या क्षणी एसक्यूलाइटच्या डझनावारी फाइली असतील. दोन माणसांच्या रोजच्या चार नोंदींसाठी यापेक्षा मोठं काही घेणं म्हणजे कोपऱ्यावर दूध आणायला ट्रक काढणं.

खरी अडचण वेगळीच निघते. घरच्या वायफायवर सगळं मस्त चालतं, बाहेर पडलात की ॲप उघडत नाही. याचं कारण बहुतेक वेळा सीजीनॅट. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी अ‍ॅड्रेस संपलेत, म्हणून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या एका सार्वजनिक अ‍ॅड्रेसमागे कितीतरी घरं बसवतात. सोसायटीला एकच गेट, आत शंभर फ्लॅट, आणि वॉचमनकडे तुमचा फ्लॅट नंबरच नाही. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणी येऊ शकत नाही.

यावर मी टेलस्केल वापरतो. ते वायरगार्डवर उभं आहे. लॅपटॉप आणि दोन्ही फोन मिळून एक खासगी नेटवर्क होतं, दोन्ही बाजू आतून बाहेर हात काढतात आणि मध्ये भेटतात. फायदा असा की राउटरवर कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही, त्यामुळे कॉफीच्या वहीवर जगभरातले बॉट येऊन दार ठोठावत नाहीत. आता कुणी म्हणेल, टेलस्केल ही पण कंपनीच ना? हो, आहे. तिची ओळखपाळख करून देणारी यंत्रणा त्यांच्या सर्व्हरवर असते. तेही नको असेल तर हेडस्केल आहे, ते स्वतः चालवता येतं. मी चालवत नाही. उद्या टेलस्केल बंद पडलं तर माझा रस्ता जाईल, वही जाणार नाही. एवढ्यावर मला शांत झोप लागते.

एचटीटीपीएस मात्र टाळू नका. ॲप फोनच्या होम स्क्रीनवर टाकून नेटशिवाय चालवायचं असेल तर ब्राउझर त्याशिवाय परवानगीच देत नाही. आणि नेटशिवाय चाललं पाहिजेच, कारण स्वयंपाकघरात माझ्या वायफायची एक दांडीच येते. नोंद आधी फोनमध्ये पडते, नेट मिळालं की लॅपटॉपवर जाते. प्रत्येक नोंदीचा क्रमांक फोनच तयार करतो, लांबलचक आणि न जुळणारा, त्यामुळे दोन फोनच्या नोंदी एकमेकींवर बसत नाहीत.

बॅकअपबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. एसक्यूलाइटची एकच फाइल आहे म्हणून ती चालू ॲपमधून नुसती कॉपी करू नका. नेमकं त्याच वेळी काही लिहिलं जात असेल तर कॉपी अर्धवट येते, आणि हे तुम्हाला कळतं ते नेमकं गरज पडल्यावर. त्यासाठी एसक्यूलाइटमध्येच 'व्हॅक्यूम इन्टू' नावाची आज्ञा आहे, ती चालू डेटाबेसची नीट प्रत काढून देते. माझ्याकडे रोज रात्री दोनला ही प्रत निघते, एक पेनड्राइव्हवर जाते, एक पुण्यात भावाच्या मशीनवर. महिन्यातून एकदा ती उघडून शेवटची नोंद दिसतेय का ते बघतो. न उघडलेला बॅकअप म्हणजे न चाखलेलं लोणचं.

ओल्या हाताचा नियम

एवढं सगळं करून नोंद करायला एक मिनिट लागणार असेल, तर आठवड्यात वही बंद पडते. एका हातात किटली, दुसरा हात ओला, कॉफी निवत चाललीय. म्हणून ॲप उघडलं की त्या पिशवीचा मागचा ब्रू जसाच्या तसा भरलेला येतो. बदललं तेवढंच बदलायचं. चवीला दहापैकी गुण मी ठेवलेच नाहीत. सात आणि आठमधला फरक सकाळी साडेसातला कुणाला कळतो? पाच बटणं आहेत: छान, आंबट, कडू, सपक, पाणचट. या शब्दांना पुढे काय करायचं ते लगेच कळतं. 'सहा' या गुणाला काहीच कळत नाही.

पिशवी रिकामी करून मी कॉफी डब्यात भरतो, डब्यावर क्यूआर कोड चिकटवलाय. स्कॅन केला की त्याच पिशवीची नवी नोंद उघडते. आईने एकदा हळदीच्या डब्यावरही लावून बघितला.

आतापर्यंत चारशेच्या आसपास नोंदी झाल्यात. त्यावरून निघालेले निष्कर्ष आमच्या घरापुरते आहेत, तरी एक सांगतो. हलकी भाजलेली कॉफी आमच्याकडे पहिल्या आठवड्यात क्वचितच 'छान' पडते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकदा पडते. ताज्या भाजलेल्या बीन्समधून कार्बन डायऑक्साइड निघत असतो आणि तो पाण्याला नीट भिजू देत नाही, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. आता मी पिशवी आली की तारीख बघून दहा दिवस बाजूला ठेवतो. सुरुवातीचे वाया जाणारे कप चारवरून एकावर आलेत, त्यात या दहा दिवसांचा वाटा मोठा आहे.

शेवटचा प्रश्न गेल्याच महिन्यात समोर आला. मित्राला पुण्यात नोकरी लागली. वही दोघांची, आता वेगळी कशी करायची? त्याने केलेले ब्रू त्याचे, माझे माझे, हे सोपं. पण पिशव्या? त्या दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेल्या. मी असं केलं की बाहेर काढायच्या फाइलमध्ये त्याचे सगळे ब्रू जातात आणि ते ज्या ज्या पिशवीतून झाले त्या पिशव्यांची आणि बीन्सची पूर्ण माहिती सोबत जाते. त्या ओळी माझ्याकडेही राहतात. फाइली दोन प्रकारच्या: एक सीएसव्ही, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशी, आणि एक जेसन, उद्या त्याने स्वतः सर्व्हर चालवला तर थेट आत घेता येईल अशी. आठ महिन्यांची कॉफी, आकार ९० केबी. व्हॉट्सॲपवर पाठवली.

त्याने पुण्यातला फ्लॅट अजून ठरवलेला नाही. घरमालकाला पहिला प्रश्न पाणी कुठलं येतं हाच विचारणार आहे म्हणे, आणि मीटर त्याने बॅगेत आधीच टाकलाय.